भांडेवाडीचा हिशेब अंभोऱ्याला मांडा

सांडपाण्याच्या बाबतीत नागपूरला सरसकट नावं ठेवणं अन्यायाचं होईल. देशातली बहुतेक शहरं आपलं सांडपाणी नदीत सोडून मोकळी होत असताना या शहराने ते चक्क विकून दाखवलं. २००८ मध्ये महापालिका आणि राज्य सरकारची वीजनिर्मिती कंपनी महानिर्मिती यांच्यात करार झाला. पुढे भांडेवाडीला रोज १३० दशलक्ष लिटर म्हणजे १३० एमएलडी क्षमतेचं शुद्धीकरण केंद्र उभं राहिलं आणि तिथलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राकडे जाऊ लागलं. कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या तीन संचांना थंड ठेवायला पेंचचं पिण्याजोगं पाणी जाळण्यापेक्षा शहराने वापरून टाकलेलं पाणी बरं, हा विचार तेव्हा नवा होता. केंद्र सरकारला तो २०१६ साली सुचला. त्या वर्षीच्या जानेवारीत आलेल्या वीजदर धोरणाने औष्णिक वीज केंद्रांवर बंधन घातलं की ५० किलोमीटरच्या आत सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असेल तर तिथलंच पाणी वापरा. नागपूरने तोवर ते केलेलं होतं. नंतर भांडेवाडीचं जुनं १०० एमएलडीचं केंद्रही वाढवून २०० एमएलडीचं करण्यात आलं.

इतकं सगळं झालं. तरी अशोक चौकातल्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लागतोच. पारडीच्या पुढे नाग नदी जशी वीस वर्षांपूर्वी होती तशीच आहे. आणि गंमत अशी की पर्यावरण अभियांत्रिकीतली देशातली सर्वांत नावाजलेली संस्था, नीरी, १९५८ पासून याच शहरात वर्धा रोडवर आहे. ज्ञान नाही, तंत्र नाही, गिऱ्हाईक नाही, पैसा नाही, यातली एकही सबब नागपूरला सांगता येत नाही. म्हणूनच हे उदाहरण नीट तपासण्याजोगं आहे. माझं म्हणणं असं आहे की आपण सांडपाण्याच्या कामाचं मोजमाप चुकीच्या जागी करतो, आणि ते योग्य जागी करायचं तर शहराच्या हद्दीत बसणारी कोणतीही यंत्रणा त्याला पुरी पडणार नाही.

आधी मोजमापाचं बघू. नागपूरला पेंच आणि कन्हानमधून रोज साधारण ६५० ते ७०० एमएलडी पाणी मिळतं. घरात आलेल्या पाण्यापैकी ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, हा अभियंत्यांचा सर्वमान्य ठोकताळा. त्या हिशेबाने शहराचं सांडपाणी ५२० एमएलडीच्या वरच जातं. बोअरवेलचं पाणी वापरून सोडलेलं वेगळंच. भांडेवाडीच्या दोन केंद्रांची क्षमता मिळून ३३० एमएलडी. म्हणजे कागदावर साठ टक्क्यांच्या आसपास सांडपाणी शुद्ध करण्याची सोय आहे. देशाच्या मानाने हा आकडा उत्तमच म्हणायचा, आणि तो पत्रकांत, सादरीकरणांत, पुरस्काराच्या अर्जांत वारंवार येतो.

आता हाच हिशेब नदीच्या बाजूने मांडा. शुद्ध केलेल्या पाण्याचा मोठा भाग पाइपलाइनमधून वीज केंद्रांकडे जातो. तो नदीत येतच नाही. नदीत येतं ते मुख्यतः उरलेलं, म्हणजे गडर लाइनपर्यंत न पोहोचलेलं आणि नाल्या-नाल्यांतून थेट पात्रात उतरलेलं कच्चं सांडपाणी. नाग ही मुळात पावसाळी नदी. लाव्याच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरी तलावात अडते, आणि मार्च-एप्रिलमध्ये तिला स्वतःचं म्हणून पाणी जवळजवळ नसतं. तेव्हा शहराच्या वहीत साठ टक्के पाणी शुद्ध झालेलं असताना नदीच्या पात्रात मात्र बहुतांशी अशुद्धच पाणी वाहत असतं. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. पहिलं महापालिकेला शोभून दिसतं, दुसरं नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या कुहीच्या शेतकऱ्याला भोगावं लागतं.

शुद्ध केलेलं सगळं पाणी नदीत सोडलं असतं तरी फार फरक पडला नसता, हेही आकडेमोड करून पाहता येतं. पाण्यातल्या घाणीचा अंदाज घ्यायला बीओडी हे माप वापरतात. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना त्यातला किती प्राणवायू खाऊन टाकेल, ते या मापाने कळतं. आंघोळीलायक नदीत ते लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत असायला हवं. चांगल्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात १० च्या आसपास असतं. कच्च्या सांडपाण्यात २०० धरायला हरकत नाही. समजा ३३० एमएलडी पाणी १० वर आणून नदीत सोडलं आणि त्यातच २०० एमएलडी कच्चं सांडपाणी येऊन मिळालं, तर मिश्रणाचा आकडा येतो ८० च्या वर. म्हणजे कोट्यवधी रुपयांची वीज जाळून स्वच्छ केलेलं पाणी पुन्हा घाणीत ओतल्यासारखंच झालं. नदीसाठी शेवटचे चाळीस टक्केच महत्त्वाचे असतात, पहिले साठ नव्हेत. पण आपल्याकडे पहिल्या साठांसाठी कोनशिला बसतात आणि शेवटच्या चाळिसांसाठी गल्ल्या खोदाव्या लागतात.

गल्ल्या खोदणं हे कुणालाच नको असलेलं काम आहे. शुद्धीकरण केंद्राला एक जागा लागते, एक कंत्राटदार लागतो, एक उद्‌घाटन होतं. घरोघरची जोडणी म्हणजे प्रत्येक घराचा टाका, प्रत्येक चेंबर, प्रत्येक उतार, आणि रस्ता फोडल्याबद्दल प्रत्येक वस्तीच्या शिव्या. नागपूरच्या बाबतीत त्यात अनधिकृत ले-आउटांची भर आहे. ५७२ आणि १९०० ले-आउट म्हटलं की जुन्या नागपूरकराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आधी प्लॉट विकले गेले, मग घरं झाली, मग मतदान झालं आणि त्यानंतर कधीतरी गडर लाइनचा प्रश्न निघाला. अशा वस्त्यांत सेप्टिक टँक असतो, तो भरला की उपसणारा टँकर येतो, आणि तो टँकर पुढे कुठे रिकामा होतो याची चौकशी कोणी करत नाही.

११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते नाग नदी प्रदूषण निवारण प्रकल्पाची पायाभरणी झाली. खर्च १,९२५ कोटींच्या वर. त्यात तीन नवी केंद्रं आहेत, तिन्ही मिळून ९२ एमएलडीची, आणि सुमारे ५०० किलोमीटरच्या वाहिन्या आहेत. वाहिन्यांवर भर आहे, ही या योजनेतली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट. तरीही बेरीज करून बघा. ३३० आणि ९२ मिळून ४२२ होतात. गरज आजच ५२० च्या वर आहे. शिवाय ही योजना नागच्या नावाची. उत्तरेची पिवळी नदी आणि दक्षिणेची पोरा नदी यांचं काय? पिवळी नदी तर शहराच्या पूर्वेला नागलाच मिळते. दर उन्हाळ्यात तिन्ही नद्यांत पोकलेन उतरतात, जवळपास ५० किलोमीटर पात्रातला गाळ उपसतात, पावसाळ्यात पाणी तुंबू नये म्हणून. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून वाहिला आणि निम्मं शहर पाण्यात गेलं, तेव्हापासून या कामाला धार आली, हे चांगलंच झालं. पण गाळ काढणं हा पुराचा इलाज आहे, सांडपाण्याचा नाही. दोन्ही कामं 'नदी स्वच्छता' या एकाच फलकाखाली होतात आणि लोकांना वाटतं नदी स्वच्छ होते आहे.

आता नदीबरोबर खाली जाऊ. नाग आणि पिवळी एकत्र होऊन पुढे कन्हानला मिळतात. कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. आपलं पिण्याचं पाणी कन्हानमधून आपण कितीतरी वर, कामठीच्या बाजूला उचलतो, आणि आपली घाण कन्हानला कितीतरी खाली भेटते. शहराचा नळ वर, शहराची मोरी खाली. ही रचना कोणी कट करून केलेली नाही, उताराचीच तशी आहे. पण तिचा परिणाम असा झाला की नागपूरकराला आपल्या घाणीचा घोट कधी घ्यावा लागला नाही. ज्यांना घ्यावा लागतो ते नागपूरचे मतदार नाहीत.

अंभोऱ्याच्या खाली वैनगंगेवर बांधलेल्या गोसीखुर्द धरणाने हे आणखी बिघडवलं. या धरणाची पायाभरणी एप्रिल १९८८ मध्ये झाली. अडीच लाख हेक्टर भिजवण्याचं स्वप्न होतं, त्याला लागलेली वर्षं आणि त्यातला सिंचन घोटाळा हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे मुद्दा एवढाच की धरण होण्याआधी नागपूरची घाण अंभोऱ्याहून वैनगंगेत उतरून वाहत खाली निघून जायची. भंडारा शहर या संगमाच्या वरच्या अंगाला, त्यामुळे त्याला तिचा त्रास नव्हता. धरणात पाणी अडल्यावर फुगवटा मागे सरकत थेट भंडाऱ्यापर्यंत पोहोचला. वाहणारी नदी थांबली, तळं झालं, आणि थांबलेल्या पाण्यात नागपूरची घाण बसून राहिली. जलपर्णी माजली. ज्या भंडाऱ्याने नागपूरशी कधी एका नाल्याचंही देणंघेणं ठेवलं नव्हतं, त्याच्या पिण्याच्या पाण्याच्या तक्रारीत नाग नदीचं नाव येऊ लागलं. अंभोऱ्याला आता देखणा केबल पूल झाला आहे, जानेवारी २०२४ मध्ये तो खुला झाला. रविवारी नागपूरहून गाड्या भरून लोक जातात, पुलावर उंचावरच्या गॅलरीतून पाच नद्यांचा संगम बघतात, फोटो काढतात. आपलंच पाणी बघायला आपण ऐंशीएक किलोमीटर जातो, असं कोणी म्हटलं तर राग येऊ नये.

मग या पाण्याची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. महापालिका म्हणेल, आमच्या हद्दीतलं आम्ही बघतो. हद्दीबाहेर बेसा, बेलतरोडीपासून पसरलेल्या वस्तीचं महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने बघायचं. २०१७ पासून ७१९ गावं त्यांच्याकडे आहेत. नासुप्र, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, आहेच, ते एकदा बरखास्त होऊन पुन्हा जिवंत झालं. हिंगण्याच्या कारखान्यांसाठी एमआयडीसी. वाडीची नगर परिषद वेगळी. कामठीत नगर परिषदही आहे आणि लष्करी छावणीही. धरण विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाचं. भंडाऱ्याचा नळ भंडारा नगर परिषदेचा. आणि या सगळ्यांवर नजर ठेवायला १९७० साली स्थापन झालेलं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. इतकी खाती आहेत की प्रत्येकाकडे आपलं काम केल्याचा पुरावा सापडतो. केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या करारात केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा दर्जा लिहिलेला असतो, आणि तो तिने राखला की तिचे पैसे निघतात. नदीचा दर्जा कोणाच्याच करारात नाही.

मंडळ काही करत नाही, असं म्हणणं मात्र खरं नाही. नमुने घेतले जातात, आकडे प्रसिद्ध होतात. केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या यादीत देशात नद्यांचे ३११ पट्टे प्रदूषित निघाले, त्यातले ५५ महाराष्ट्रातले, म्हणजे कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. प्रश्न आहे तो या आकड्यांचं पुढे काय होतं हा. नोटीस जाते. खुलासा येतो. फार झालं तर दंड होतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये सांडपाण्याच्या केंद्रांसाठी मुदत घालून दिली. हरित लवादाने २०१९ मध्ये मुदत न पाळणाऱ्यांना महिन्याला केंद्रामागे १० लाखांची भरपाई लावायचं ठरवलं. सप्टेंबर २०२२ मध्ये तर घनकचरा आणि सांडपाणी मिळून महाराष्ट्राला १२,००० कोटींची भरपाई लावली. एवढा मोठा आकडा ऐकून कोणत्या अधिकाऱ्याची झोप उडाली असेल, असं मला वाटत नाही. सरकारने सरकारला दंड करायचा आणि तो करदात्याने भरायचा, म्हणजे डाव्या खिशातले पैसे उजव्या खिशात. भंडाऱ्याला त्यातून काय मिळालं? नळाचं पाणी तर नाहीच.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण तिच्यामुळे या सगळ्या व्यवहाराचा विक्षिप्तपणा लख्ख दिसतो. भांडेवाडीचं शुद्ध पाणी ज्या वीज केंद्रांना जातं, त्यांच्या राखेचा कोलार आणि कन्हान या नद्यांना जुना त्रास आहे. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीत खसाळ्याच्या राख तलावाचा बंधारा फुटला आणि राखेचा लोंढा शेतांतून, नाल्यांतून कन्हानच्या दिशेने गेला. कन्हान म्हणजे नागपूरच्या नळाचं एक मूळ. शहराने वीज केंद्राला स्वच्छ केलेलं पाणी द्यायचं, आणि वीज केंद्राकडून शहराच्या पिण्याच्या नदीला राख यायची! दोघांमधल्या करारात लिटर आणि रुपये आहेत. नदीच्या दर्जाचा हिशेब दोघांनी एकत्र बसून कधी मांडलेला दिसत नाही, कारण तशी बैठक घेणं कोणाचंच काम नाही.

तेव्हा प्रादेशिक पातळीवरची एकच यंत्रणा हवी, हे उघड दिसतं. पण इथे थोडं सावध व्हायला हवं. 'प्रादेशिक' म्हटलं की भागलं, असं नाही. प्रदेशाची रेघ कुठे मारता त्यावर सगळं ठरतं. शिकागोचं उदाहरण घ्या. १८८९ मध्ये त्या शहरासाठी स्वतंत्र सांडपाणी जिल्हा स्थापन झाला. शहर मिशिगन सरोवराचं पाणी पीत होतं आणि त्याच सरोवरात घाण सोडत होतं. या नव्या यंत्रणेने १९०० साली कालवा खोदून शिकागो नदीची दिशाच उलटी केली. घाण सरोवराऐवजी मिसिसिपीच्या खोऱ्यात जाऊ लागली. अभियांत्रिकी म्हणून अजोड काम. शिकागोचं पिण्याचं पाणी सुधारलं. आणि खालच्या अंगाला सेंट लुईस शहर होतं, ते ज्या मिसुरी राज्यात येतं त्या राज्याने इलिनॉय राज्यावर थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. १९०६ मध्ये पुरावा पुरेसा नाही म्हणून तो फेटाळला गेला. यंत्रणा प्रादेशिक होती, सक्षम होती, श्रीमंत होती. फक्त जिला घाण मिळणार होती ती वस्ती तिच्या रेघेच्या बाहेर होती.

आपल्या महानगर प्राधिकरणाची रेघही नागपूर जिल्ह्यातच संपते. भंडारा आणि त्याच जिल्ह्यातलं पवनी तिच्या बाहेर. उद्या या प्राधिकरणाला कितीही अधिकार दिले तरी तो शिकागोचाच कित्ता होईल.

जर्मनीतल्या रूर भागात दुसरा प्रयोग झाला, तो मला जास्त जवळचा वाटतो. एम्शर नावाची छोटी नदी, दोन्ही अंगाला कोळशाच्या खाणी, पोलादाचे कारखाने आणि दाट वस्ती. खाणींमुळे जमीन खचायची, जमिनीखाली गटारं टिकायची नाहीत, म्हणून नदीचंच उघडं गटार करण्यात आलं. डिसेंबर १८९९ मध्ये या खोऱ्यातल्या नगरपालिका, खाणी आणि कारखाने यांचा एक संघ स्थापन झाला आणि १९०४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. सदस्यत्व ऐच्छिक नव्हतं. जो घाण सोडतो तो सदस्य, आणि वर्गणी घाणीच्या प्रमाणात. तोच संघ आजही आहे. खाणी बंद पडत गेल्यावर त्याने १९९२ पासून नदी पुन्हा नदी करायला घेतली, जमिनीखाली ५१ किलोमीटरची मुख्य गटारवाहिनी बांधली, साडेपाच अब्ज युरोच्या घरात खर्च केला आणि २०२१ च्या अखेरीपर्यंत नदीतलं सांडपाणी पूर्ण थांबवलं. तीस वर्षं लागली. तिथे चमत्कार वगैरे काही झाला नाही. हिशेब ठेवणारी एक संस्था सव्वाशे वर्षं तशीच राहिली आणि तिने नदीच्या उगमापासून मुखापर्यंत कोणाला बाहेर सोडलं नाही.

आपल्याकडे असं म्हटलं की लगेच प्रश्न येतो: आणखी एक प्राधिकरण? आधीची थोडी आहेत का? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच नवं काही काढू नये. महाराष्ट्राने २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला तेव्हा राज्यातल्या पाटबंधारे महामंडळांना त्यात नदीखोरे अभिकरण असं म्हटलं आहे. विदर्भापुरतं ते अभिकरण म्हणजे विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ, आणि त्याचं मुख्यालय नागपुरातच आहे. म्हणजे पेंचपासून गोसीखुर्दपर्यंत सगळ्या खोऱ्याकडे एकत्र बघणारी संस्था कायद्याने वीस वर्षांपूर्वीच नेमलेली आहे. तिने तेवढ्या काळात धरणं, कालवे आणि निविदा यापलीकडे मान वर केली नाही. पाणी किती, हे तिचं खातं. पाणी कसं, हे कोणाचंच नाही. या महामंडळाचा पूर्वेतिहास पाहता त्याच्या हाती सांडपाण्याचाही पैसा द्यायचा म्हटलं की अंगावर काटा येतो, हे मी नाकारत नाही. पण अंगावर काटा आणणार नाही अशी कोणती सरकारी संस्था उरली आहे? उलट एम्शरच्या धर्तीवर या अभिकरणाखाली कन्हान-नाग खोऱ्याचा वेगळा सदस्य-संघ करता येईल. त्याची वही स्वतंत्र असेल आणि तिची तपासणी उघड होईल. महापालिका, महानगर प्राधिकरण, एमआयडीसी, महानिर्मिती, कोळसा खाणी, कामठी, वाडी ही वर्गणी भरणारी मंडळी. आणि खालच्या अंगाचे भंडारा, पवनी व कुही-मौद्याच्या ग्रामपंचायती हे मत देणारे सदस्य. त्यांनी वर्गणी द्यायची नाही, कारण घाण त्यांची नाही.

वर्गणी किलोवर असावी, लिटरवर नको. २०० एमएलडी कच्चं सांडपाणी लिटरला २०० मिलिग्रॅमने नदीत जातं, तेव्हा रोज ४० टन प्राणवायू खाणारी घाण वैनगंगेकडे निघालेली असते. किलोमागे दर लावला की एका गल्लीची गडर लाइन जोडल्याने किती रुपये वाचले ते आयुक्तांना महिन्याच्या महिन्याला दिसेल. आज कोनशिलेच्या कामाला जी चमक आहे ती खोदकामाला येईल, असं मी म्हणत नाही, पण निदान खोदकाम न करण्याची किंमत तरी अंदाजपत्रकात दिसेल. मालमत्ता कराच्या पावतीत मलनिस्सारणाचा रकाना आपण भरतोच. तो पैसा कुठे गेला हे विचारायला मग एक आकडा हाताशी राहील.

लोकशाहीचा मुद्दाही काढला जातो, की असे संघ निवडून आलेल्यांना बाजूला सारतात. नासुप्रचा अनुभव घेतलेल्या शहराने तो काढणं स्वाभाविक आहे. पण मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर कितीतरी काळ नागपुरात निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, तेव्हाही सांडपाण्याचे करार, निविदा, प्रकल्प चालूच राहिले. आणि सभागृह असतानाही त्यात पवनीचा नगरसेवक कधी नव्हता. ज्याच्या दारात घाण जाते त्याला मत नसेल, तर त्या व्यवस्थेला लोकशाही म्हणायचं की शेजाऱ्याच्या अंगणात केर लोटणं म्हणायचं?

मोजमाप कुठे करायचं, तेही मग या संघानेच ठरवावं. भांडेवाडीच्या तोंडाशी मोजमाप होतंच, ते राहू द्या. त्याखेरीज तीन ठिकाणी: नाग-पिवळीच्या संगमाखाली, नाग कन्हानला मिळते तिथे आणि अंभोऱ्याला. केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या बिलाचा काही भाग आणि आयुक्तांच्या वार्षिक मूल्यमापनाचा काही भाग अंभोऱ्याच्या आकड्याला बांधावा. कंपन्या म्हणतील, नदी आमच्या हातात नाही. बरोबर आहे, एकट्या त्यांच्या नाही. म्हणून तर बाकीचे सदस्यही त्याच आकड्याला बांधलेले असायला हवेत.

राहता राहिला एक प्रश्न. त्याकडे कोणी बघत नाही, आणि तो सुटायला सर्वांत अवघड आहे. समजा सगळ्या लाइनी जोडल्या, सगळी केंद्रं झाली, शहराचं शंभर टक्के सांडपाणी शुद्ध झालं आणि सगळंच वीज केंद्रांना, कारखान्यांना, बागांना विकलं. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत नाग नदीत काय उरेल? काहीही नाही. स्वतःचं पाणी तिला नाही आणि सांडपाणी आपण उचलून नेलं. नदी स्वच्छ करण्याच्या नादात ती कोरडी पडेल. पारडीच्या पुढे काठावरचे शेतकरी आज याच पाण्यावर मोटारी लावून पालेभाजी काढतात. ती भाजी नागपूरच्या बाजारात येते आणि तिच्याबद्दल सगळे नाक मुरडतात, पण त्यांचं पाणी तोडलं तर त्यांना काय द्यायचं, हे सांगणारी एकही योजना माझ्या पाहण्यात नाही. कोराडीच्या कुलिंग टॉवरमधून पाणी वाफ होऊन आकाशात जातं, ते नदीला परत येत नाही.

तेव्हा वीज केंद्रांशी पुढचा करार होईल त्याआधी नदीचा वाटा वेगळा काढावा लागेल. माझ्या मते उन्हाळ्यात शुद्ध पाण्याचा निदान चौथा हिस्सा नागच्या पात्रात सोडायला हवा, आणि तो भांडेवाडीला नव्हे, वर अंबाझरीच्या खाली. म्हणजे शहरातून जाताना ती वाहती राहील आणि काठच्या शेतांनाही पुरेल. पंपाने पाणी वर न्यायचं म्हणजे विजेचा खर्च आला. महानिर्मितीचा वाटा कमी झाला की तिला पेंचचं पाणी मागावं लागेल, आणि पेंचच्या पाण्यावर शेतकऱ्यांचा हक्क आहे, त्यांचं भांडण वेगळं सुरू होईल. चौथा हिस्सा ऐवजी पाचवा असावा की तिसरा, यावर वाद होईल, आणि व्हावाच. आज तो वाद घालायला कुठे जागाच नाही; महापालिका आणि महानिर्मिती दोघंच बसून ठरवतात, आणि पुढच्या वेळी त्या टेबलावर पवनी आणि कुहीची माणसं आधीपासून बसलेली असायला हवीत.